गावाबाहेर म्हणजे कोठे?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवरात पाणी येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. बाहेर पडण्याची वाट मात्र एकही नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर काळ्या बेसाल्टच्या थरात उल्कापाताने पडले, ही गोष्ट १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्की केली. विवराच्या तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी आहे. धारातीर्थाचा झरा, पावसाचे ओघळ आणि काठावर वाढत गेलेल्या गावाचे सांडपाणी, हे सारे उतारावरून खाली येते. आलेले पाणी वाफ होऊन उडून जाते. त्याने बरोबर आणलेला मळ, साबण, मैला आणि प्लास्टिक यांना मात्र तेथून हलायला जागा नसते. २००० साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तरीही गावाचे सांडपाणी सरोवरात जाणे थांबले नाही, म्हणून २००९ साली नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जनहित याचिका घेऊन जावे लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर कराराच्या यादीत सरोवराचे नाव गेले आणि जगाच्या नकाशावर त्याचे महत्त्व मान्य झाले. गावाच्या गटाराचा प्रश्न अशा बहुमानाने सुटत नाही, एवढे मात्र या इतिहासावरून दिसते.

लोणार हा अपवाद आहे असे वाटण्याचा संभव आहे. वास्तविक इतर गावांत जे झाकलेले राहते ते लोणारच्या भूरचनेने उघडे केले आहे, इतकेच. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगावराजा, कोणत्याही गावात सकाळी घरातला केर कोठे जातो असे विचारले, तर उत्तर एकच येते: “गावाबाहेर.” हा शब्द इतक्या सहजतेने उच्चारला जातो की, त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला सुचत नाही. नाल्याच्या काठी, टेकडीच्या उतारावर, पडीक गायरानात, कोठेतरी हा ‘बाहेर’ असतो. तेथे रोज धूर निघतो, गुरे प्लास्टिकच्या पिशव्या चघळतात आणि पावसाळ्यात सारा ढीग हळूहळू नाल्यातून नदीला मिळतो. एका गावाचे ‘बाहेर’ हे पुढच्या गावाच्या पाणवठ्याचे ‘आत’ असते.

या शब्दाला दुसराही एक इतिहास आहे. मराठी मुलखात शतकानुशतके गावाने दोन गोष्टी वेशीबाहेर ठेवल्या: आपली घाण, आणि ती उचलणारी माणसे. गावकुसाबाहेरची वस्ती आणि गावाचा उकिरडा यांची दिशा बहुतेक एकच असे, हा योगायोग नव्हता. आज वेस पडली आहे, पण दिशा बदललेली नाही. कचऱ्याचे मैदान कोणत्या वस्तीच्या शेजारी आहे आणि त्या मैदानावर भंगार वेचणारी स्त्री कोणत्या समाजाची आहे, हे पाहिले म्हणजे सार्वजनिक स्वच्छतेचा प्रश्न हा मुळात समतेचा प्रश्न आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

या पार्श्वभूमीवर स्वयंसेवकांच्या स्वच्छता मोहिमांकडे पाहिले पाहिजे. २ ऑक्टोबरला गांधीजयंती आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी या दोन दिवशी तरी जिल्ह्याजिल्ह्यांत झाडू बाहेर पडतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, तरुण मंडळे, शिक्षक, निवृत्त कर्मचारी रस्ते झाडतात, घाट धुतात, किल्ले आणि तळ्यांचे काठ मोकळे करतात. या मोहिमांविषयी परिवर्तनवादी कार्यकर्त्यांत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, हा सुस्थितीतल्या मंडळींचा छायाचित्रापुरता खेळ आहे. त्यात वेळ दवडण्यापेक्षा मोर्चा काढावा. दुसरे मत असे की, नगरपालिकेकडून काही होणार नाही हे सिद्धच झाले आहे. तेव्हा लोकांनीच हाती झाडू घ्यावा आणि शासनाचा नाद सोडावा. दोन्ही मते प्रामाणिक आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

थोडा हिशेब मांडून पाहावा. २०११ च्या जनगणनेत लोणारची लोकसंख्या सुमारे २३ हजार होती. माणशी रोजचा पाव किलो कचरा धरला, तर गावात दररोज पावणेसहा टन कचरा निर्माण होतो. आता असे समजा की, एका रविवारी २०० उत्साही स्वयंसेवक जमले आणि प्रत्येकाने दहा किलोंचे एक पोते भरले. दोन टन कचरा निघाला. ही मोहीम उत्तम झाली असे कोणीही म्हणेल. पण दोन टन म्हणजे त्या गावाचा अवघ्या आठ तासांचा कचरा. सकाळी सातला सुरू झालेल्या मोहिमेचे फळ दुपारी तीनच्या सुमारास गावाने पुन्हा भरून काढलेले असते. शिवाय ती २०० पोती शेवटी कोठे गेली, याचे उत्तर पुन्हा तेच: गावाबाहेर.

म्हणून श्रमदान निरुपयोगी ठरते काय? हा निष्कर्ष घाईचा होईल. श्रमदानाचे मोल उचललेल्या वजनात शोधणे हीच चूक आहे. वाकून कचरा उचलणाऱ्या माणसाला दोन तासांत जे कळते ते सभागृहातल्या दहा परिसंवादांत कळत नाही. पोत्यात काय आहे हे त्याला दिसते: गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, लग्नाच्या पंगतीतली थर्माकोलची ताटे, ओल्या भाजीत मिसळलेली काच. हे काम रोज आठ तास करणाऱ्याच्या पाठीचे काय होत असेल, याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या पाठीला येतो. मोहिमेची सार्थकता येथून पुढे ठरते. हा कचरा कोणी निर्माण केला, तो उचलण्याची जबाबदारी कायद्याने कोणाची आहे, आणि येथून तो कोणाच्या दारात जाणार आहे, हे तीन प्रश्न घेऊन स्वयंसेवक घरी गेला तर मोहीम सफल झाली. हात धुऊन आणि छायाचित्र काढून गेला, तर त्या दिवशी सफाई कामगारावर एक जादा ढीग पडला एवढेच झाले.

वऱ्हाडाला हे शिकवण्यासाठी दूरचा गुरू शोधावा लागत नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. हा क्रम महत्त्वाचा आहे. दिवसा झाडलेला रस्ता हा रात्रीच्या प्रश्नांची पूर्वतयारी असे. कर्ज काढून सण का करता, मुलांना शाळेत का घालीत नाही, माणसाला माणूस का शिवत नाही, हे प्रश्न ज्याच्या हाताला त्या दिवशी गावाची धूळ लागली आहे त्यानेच विचारावेत, हे त्यांनी आचरणाने दाखविले. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले आणि अनेक गावांचा चेहरा त्यातून खरोखर बदलला. मात्र स्पर्धा आणि बक्षिसे यांच्या गर्दीत खराटा उरला आणि कीर्तन गळाले, ही त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला आणि गांधीजींनी त्यांना पाठिंबा दिला. परंतु सवर्णाने चार दिवस मैला उचलल्याने मैला उचलण्याचे काम संपत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाच्या रचनेवरच प्रयोग केले. मैल्याचे खत व्हावे आणि तो वाहून नेण्यासाठी कोणी माणूसच लागू नये, अशी ‘गोपुरी’ संडासाची कल्पना त्यातून आकाराला आली. सहानुभूतीपासून रचनेपर्यंतचा हा प्रवास प्रत्येक स्वच्छता मोहिमेने करावयाचा आहे. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध देशाला १९९३ मध्ये एक आणि २०१३ मध्ये दुसरा कायदा करावा लागला, यावरून तो प्रवास किती रेंगाळला हेही समजते.

“आपले लोकच घाणेरडे, त्याला कोण काय करणार?” हा उद्गार मात्र अजूनही सुशिक्षितांच्या तोंडी असतो. त्याचे उत्तर बुलढाणा जिल्ह्यातच शेगावला आहे. गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला उत्सवकाळात लाखो माणसे येतात. तरी संस्थानचा परिसर स्वच्छ असतो. एस. टी. स्थानकाच्या कोपऱ्यात पान थुंकणारा माणूस तोच, पण संस्थानच्या आवारात तो थुंकत नाही. माणूस बदललेला नसतो, व्यवस्था बदललेली असते. ठिकठिकाणांहून आलेले सेवेकरी पाळीपाळीने नेमून दिलेले काम करतात. कोणत्या पाळीला कोणी कोठे उभे राहावयाचे हे ठरलेले असते. केर पडल्यावर तो फार वेळ पडून राहत नाही, आणि स्वच्छ जागी केर टाकण्याची माणसाला लाज वाटते. २०२१ मध्ये निधन पावलेले शिवशंकरभाऊ पाटील यांच्या व्यवस्थापनाची कीर्ती महाराष्ट्रभर झाली ती या नियमिततेमुळे. श्रद्धा न मानणाऱ्या कार्यकर्त्यानेही यातून घेण्यासारखे बरेच आहे. स्वयंसेवा टिकते ती वेळापत्रकावर. केवळ उत्साहावर ती टिकत नाही. त्याचबरोबर एक भेदही लक्षात ठेवावयास हवा. भक्त सेवा करतो ती पुण्यासाठी. नगरपालिकेच्या हद्दीतला नागरिक कर भरतो आणि स्वच्छता हा त्याचा हक्क आहे. भक्तीच्या आधारावर मंदिर चालू शकते, गाव चालू शकत नाही.

गाव कशाच्या आधारावर चालत होते हे पाहण्यासाठी उकिरड्याचे अर्थशास्त्र समजून घ्यावे लागेल. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. पण शेतकऱ्याच्या घरी उकिरडा ही ठेव होती. शेण, काडीकचरा, राख, खरकटे त्यात वर्षभर साचे आणि मृगाच्या आधी गाड्या भरून शेतात जाई. जे जमिनीतून आले ते जमिनीला परत, असा तो व्यवहार होता. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात जी खतपद्धती बसविली आणि जी ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगात गाजली, तिचा पाया याच व्यवहाराला शास्त्राची जोड देणे हा होता. हे चक्र दोन बाजूंनी तुटले. रासायनिक खताच्या पोत्याने शेताला उकिरड्याची गरज उरू दिली नाही, आणि प्लास्टिकने उकिरडा शेतात नेण्याजोगा ठेवला नाही. कपाशी आणि सोयाबीन घेणाऱ्या याच जिल्ह्यात एकीकडे जमिनीतला सेंद्रिय अंश घटल्याची तक्रार ऐकू येते आणि दुसरीकडे नगरपालिका ओल्या कचऱ्याच्या विल्हेवाटीवर पैसा खर्च करते. ज्या वस्तूला मोल आहे ती केवळ मिसळून टाकल्यामुळे निर्मोल होते. कचऱ्याच्या प्रश्नाचे आर्थिक मर्म एवढ्या एका वाक्यात आहे.

म्हणूनच ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याला महत्त्व आहे. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी ते बंधनकारक केले आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारीही स्थानिक संस्थांवर टाकली. तरी अनेक ठिकाणी गृहिणीने वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्र होतो. याचे कारण अज्ञानात शोधण्यापेक्षा ठेक्याच्या करारात शोधावे. जेथे ठेकेदाराला मोबदला वजनावर मिळतो, तेथे ओला, जड, मातीमिश्रित कचरा त्याच्या फायद्याचा असतो. वर्गीकरण झाले, खत घरीच जिरले आणि भंगार वेचकाकडे गेले, तर त्याचे बिल कमी होते. जो करार कचरा वाढण्यावर नफा देतो, त्याच्यापुढे शंभर प्रबोधनफेऱ्या हरतात.

या कराराच्या दुसऱ्या टोकाला कामगार आहे. ठेकेदार खर्च वाचवितो तो बहुधा त्याच्याच मजुरीत, हातमोज्यांत, भविष्यनिर्वाह निधीत. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ठेक्यावरील २,७०० सफाई कामगारांसाठी लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना कायम कामगार मानले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांना ओळखपत्र, संघटना आणि पुढे ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेच्या रूपाने घरोघर कचरा घेण्याचे काम मिळवून दिले. ढिगाऱ्यावर वाकणारी बाई दारापर्यंत आली आणि हक्काचे शुल्क घेऊ लागली, ही समाजवादी कार्याची साधी पण टिकाऊ कमाई आहे.

ही मोठ्या शहरांची उदाहरणे आहेत, लहान गावाला ती कशी लागू पडावीत, अशी शंका येईल. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्याची लोकसंख्या लोणारच्या निम्म्याच्या जवळपास. त्या नगरपालिकेने कचऱ्याचे अनेक प्रकारांत वर्गीकरण केले, ओल्या कचऱ्यापासून जैववायू केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले आणि जेथे कचऱ्याचे ढीग होते त्याच जागी लोक फिरायला येतील असे स्थळ उभे केले. लहान गावात कचरा थोडा असतो, माणसे एकमेकांना ओळखतात आणि शेत जवळ असते. म्हणजे अडचण म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा लहान गावाचे बळ असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? श्रमदान अवश्य करावे, पण ते वर्षातून एकदा दहा ठिकाणी करण्याऐवजी एका वॉर्डात दर आठवड्याला करावे. पहिल्या महिन्यात निघालेला कचरा काट्यावर तोलून ओला, सुका आणि निरुपयोगी अशी त्याची नोंद ठेवावी. पुढे नगरपालिकेशी बोलताना हीच वही कामाला येते. झाडू घेण्यापूर्वी त्या वॉर्डाच्या सफाई कामगारांसमवेत बसावे आणि मोहिमेचा दिवस त्यांच्या सोयीने ठरवावा. त्यांच्या रजेच्या दिवशी त्यांना मोहिमेसाठी बोलावून घेणे हे श्रमदान नव्हे, ती वेठ आहे. गावातल्या भंगारवाल्याला आणि कचरावेचक स्त्रियांना समितीत घ्यावे, कारण कोणत्या वस्तूला बाजारात काय भाव मिळतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. ठेक्याची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागवावी आणि मोबदला वजनावर आहे की फेऱ्यांवर, किमान वेतन दिले जाते की नाही, हे चौकसभेत वाचून दाखवावे. खताचा खड्डा वॉर्डातच मागावा आणि तयार खत जवळच्या शेतकऱ्याला द्यावे. लग्नाच्या पंगतीसाठी स्टीलची ताटे भाड्यावाचून देणारे भांडार काढावे. थर्माकोलविरुद्ध भाषणापेक्षा ते अधिक काम करील.

या मागण्या ऐकून घेणारे कोणी आहे काय, हा प्रश्न काही वर्षे खरोखरच होता. महाराष्ट्रातील नगरपालिकांची मुदत संपून कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि नगरसेवक पुन्हा आले. रस्त्यांची सफाई आणि केरकचरा उचलणे हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. नगरसेवकाला उद्घाटनासाठी फावडे हातात देण्याऐवजी तोललेल्या कचऱ्याची वही हातात द्यावी. श्रमदानातून नगरपालिकेला सुट्टी मिळता कामा नये. तिच्या कर्तव्याची आठवण तिला दर आठवड्याला झाली पाहिजे.

लोणारच्या काठावर नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला माणसे उतरतात तेव्हा विवराची उतरण चालून जावी लागते. त्या वाटेवर पडलेली पिशवी पावसाबरोबर त्याच वाटेने खाली जाते आणि तेथे थांबते. तिला पुढे ढकलावे असे गाव तेथे नाही, तिच्यासाठी राखलेली वस्ती तेथे नाही. बाकीच्या गावांत ती वस्ती अजून आहे. आपल्या वॉर्डाचा कचरा कोणाच्या दारात जातो, हे कार्यकर्त्याने एकदा कचऱ्याच्या गाडीमागून चालत जाऊन स्वतः पाहावे. पुढच्या रविवारच्या मोहिमेची आखणी तेथे उभे राहून करावी आणि तेथे राहणाऱ्यांना विचारून करावी.